फर्स्ट पीस

आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच तारीख चालत आली आहे, एक जानेवारी. माझं लग्न एक जानेवारीला झालं. जयंतीची मिरवणूक एक जानेवारीला निघाली. देवळ्याच्या मामाकडे कांदा एक जानेवारीला उपटला आणि एक जानेवारीलाच तो चाळीत भरला. बरं, हे सगळं रात्री बारानंतरच्या तासाभरात. माणसं उन्हानं डोळे बारीक करून उभी आहेत आणि फोटोची वेळ मात्र मध्यरात्रीची. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाकडा चिकटवलेला दिसला तरी माझं डोकं फिरतं. असे धडधडीत खोटं बोलणारे दहा-बारा हजार फोटो नेमके माझ्याच गळ्यात पडावेत, याला काय म्हणायचं?

हे सगळे फोटो पप्पांनी काढलेले. पप्पा सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, म्हणजे मशीनवरून उतरलेले सुटे भाग मोजून बघायचे आणि माप चुकलेले बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. रिटायर व्हायच्या काही वर्षं आधी त्यांनी बोनसमधून एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला, पेन्सिल सेलवर चालणारा. फोटो काढून झाले की सेल बाहेर काढायचे, जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळायचे आणि कपाटात ठेवायचे, हा त्यांचा नेम. कारण एकदा टॉर्चमध्ये विसरलेले सेल गळले होते, टॉर्च कायमचा गेला होता, आणि आईनं त्यावरून जे काही सुनावलं होतं ते त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. पण सेल काढून ठेवले की काही दिवसांनी कॅमेरा तारीख, वेळ सगळं विसरतो. पुन्हा सुरू केल्यावर तो विचारतो, आज तारीख काय? उत्तर दिलं नाही, तर एक जानेवारी, रात्रीचे बारा, असं आपलं आपण धरून चालतो.

"मग एकदाही तारीख टाकावीशी वाटली नाही?" मी पप्पांना विचारलं.

"तो विचारायचा, मी ओके करायचो," पप्पा म्हणाले. "फोटो काढायचे का त्याच्याशी गप्पा मारायच्या?"

यंदा मे महिन्यात आई-पप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. माझ्या दोन्ही भावांनी ठरवलं की कॉलनीजवळचा हॉल घ्यायचा, नातेवाइकांना जेवायला बोलवायचं आणि मोठ्या पडद्यावर पप्पांनी काढलेले फोटो क्रमानं दाखवायचे. 'क्रमानं' हा शब्द निघाला की आमच्याकडे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मीही हो म्हणून विकतचं दुखणं घेतलं.

डिजिटल फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते. कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला हे त्यात आपोआप लिहिलं जातं, आणि कुणाचा, कुठला, कशाचा हे आपल्याला लिहिता येतं. फाइलला वरून दिलेलं नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेला कागद, एकदा घासला की गेला. पोटातली नोंद म्हणजे भांड्यावर घातलेलं नाव. कार्यात पातेलं कुणाच्याही घरी जाऊ दे, नाव घातलेलं असलं की ते परत येतं. शिवाय असं सॉफ्टवेअर मिळतं की शेकडो फोटो एकदम निवडायचे आणि सगळ्यांच्या पोटात एका दमात तारीख आणि प्रसंग लिहून टाकायचा. सोय मोठी आणि घोळही तेवढाच मोठा. पहिल्याच दिवशी माझी निवड जरा लांबली आणि मामाच्या अख्ख्या कांद्याच्या चाळीवर 'जयंतीची मिरवणूक' असं नाव पडलं. ते निस्तरण्यात माझी एक सुट्टी गेली.

खऱ्या तारखा शोधायला मी रोज संध्याकाळी सातपूरला माहेरी जाऊन पप्पांना शेजारी घेऊन बसायची. पण पप्पांचं कॅलेंडर कारखान्याचं. "हे बघ, मी तेव्हा सेकंड शिफ्टला होतो," असं ते सांगणार आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येणार, "सेकंड नाय, जनरल. डबा नेत होतात की तेव्हा." पडदा न बघता, नुसतं आमचं बोलणं ऐकून ती सगळं सांगायची. कुठल्या पौर्णिमेला विहारात खीर कमी पडली, कुणाच्या बारशाला लाइट गेले, धाकट्या भावाच्या दहावीच्या वर्षी गॅस सिलिंडर कसा मिळत नव्हता. माझ्या निम्म्याअधिक तारखा तिनंच लावून दिल्या.

एकदा मी तिला म्हटलं, "तू आत काय करतेस? इथं येऊन बस ना, फोटो बघ."

ती दारापर्यंत आली, हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "काय बघू? मी कुठं हाय त्यात?"

"असं काय म्हणतेस? सगळ्या कार्यक्रमांत तर तू आहेस."

"कार्यक्रमात हाय. फोटोत नाय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "तुमचे पप्पा आल्यागेल्याचे फोटो काढत हिंडायचे. लय हौस. पन्नास वर्षं मी या घरात काय भाड्यानं राहिले का?" मग रागावली की येते ती माहेरची अहिराणी आली, "माले काय करनं शे?" आणि ती आत निघून गेली.

मी हट्टानं शोधायला बसले. जेवढे कार्यक्रम लावून झाले होते, ते सगळे पुन्हा पाहिले. आईचं म्हणणं खरं होतं. कुठं पाहुण्यांच्या मागे तिचं कोपर, कुठं दारात पदराचं टोक, कुठं खिरीच्या पातेल्याआड अर्धा चेहरा. ग्रुप फोटोची हाक आली की 'तुम्ही उभे राहा, मी चहाचं बघते' म्हणणारी बाई ती, पण तिला कुणी धरूनही आणलं नव्हतं. तिनं भावांना सांगून टाकलं, हॉलवर येईन, जेवीन, पण पुढच्या खुर्चीत बसणार नाही आणि तो पडदा बघणार नाही. भाऊ म्हणाले, होईल शांत. मला माहीत होतं, होणार नाही. आई एकदा नाही म्हणाली की ते नाहीच असतं.

मी पप्पांवर उखडले. "आईचे फोटो का नाही काढले कधी?"

"काढले की," पप्पा म्हणाले.

"कुठं आहेत?"

"असतील त्यातच." आणि ते पेपर वाचायला लागले. त्यांच्या त्या शांतपणाचा मला इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून घरी निघून आले.

दोन दिवस मी काही हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळी जीव राहीना. फोटो स्टुडिओवाल्यानं वेळोवेळी करून दिलेल्या सीड्यांप्रमाणे मी ते फोटो आतापर्यंत बघत होते. आता म्हटलं, सगळा ढीग एकत्र करू आणि पोटातल्या वेळेनुसार लावून बघू, निदान काय उरलंय ते तरी कळेल. तसा हुकूम दिला आणि चहाचा कप तसाच राहिला.

पप्पा दरवेळी सेल घालायचे तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ बारापासून सुरू व्हायचं. म्हणजे दरवेळचा पहिला फोटो बाराच्या ठोक्याचा. एरवी हे फोटो आपापल्या कार्यक्रमाच्या आधी एकेकटे पडलेले असायचे, बरेचसे हललेले, आणि चुकून बटण दाबलं गेलं असेल म्हणून मी ते बघताबघता, तारीख न बदलताच, पुढं सरकवले होते. वेळेनुसार लावल्याबरोबर वीसेक वर्षांतले सगळे पहिले फोटो वर येऊन एका रांगेत बसले, आणि त्या रांगेत आईच आई होती.

मेथी निवडणारी आई. कुकरचं झाकण लावणारी आई. तोंडात पिना धरून अंबाडा घालणारी. गाऊनवर टॉवेल टाकून उभी. लसूण सोलताना, डब्याला फडकं बांधताना, खिडकीशी सुईत दोरा ओवताना. जवळजवळ प्रत्येक फोटोत तिचा एक हात वर, 'नको, नको' म्हणणारा. मी खाली खाली जात राहिले. ओट्याचा कडप्पा जाऊन ग्रॅनाइट आला, आईला चष्मा लागला, कानाजवळचे केस पांढरे झाले, आणि हात तसाच वर. मला रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही.

तशीच लॅपटॉप घेऊन सातपूरला गेले. पप्पांपुढे तो उघडून ठेवला. "हे काय आहे?"

पप्पांनी चष्मा लावून बघितलं. "हे होय? हे फर्स्ट पीस."

मग त्यांनी मला समजावलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की पहिला निघालेला पीस आधी इन्स्पेक्शनला आणायचा. तो मोजायचा. ओके असला तरच बाकीचा लॉट काढायचा, नाहीतर मशीन थांबवायचं. "सेल घातले म्हणजे मशीन नव्यानं सुरू झालं. फर्स्ट पीस बघायला नको?"

"पण दरवेळी आईच?"

"दुसऱ्या कुणाचं माप मला एवढं पाठ नाही," पप्पा म्हणाले. "तुझी आई जशी आहे तशी आली, की समजायचं, कॅमेरा बरोबर आहे."

आई मागे येऊन उभी होती, हे आम्हाला कळलंच नव्हतं. तिनं मला बाजूला सरकवलं आणि पुढ्यात बसली. आधी नुसता आरडाओरडा. "काय हा अवतार! हा गाऊन तर मी फडक्याला काढला होता. हे लोकांना दाखवणार?" मग ती पुढं वाकली. एकेक फोटो बोटानं पुढं सरकवत राहिली. बऱ्याच वेळानं, पप्पांकडे न बघताच तिनं विचारलं, "मग झाला का कधी पास, तुमचा पीस?"

"नाहीतर लॉट काढला असता का?" पप्पा म्हणाले.

आईनं पदरानं चष्मा पुसला. मी उठून चहा टाकायला गेले.

त्या आठवड्यात मी बाकीच्या फोटोंच्या तारखा जमतील तशा दुरुस्त केल्या. त्या रांगेतले सगळे फोटो मात्र एकदम निवडले, सगळ्यांच्या पोटात एकाच वेळी 'फर्स्ट पीस' असं लिहिलं आणि तारखेला हात लावला नाही. खरी तारीख घातली असती तर ते पुन्हा आपापल्या कार्यक्रमात जाऊन पडले असते आणि आई परत गर्दीत गेली असती. माझ्या सगळ्या नोकरीत एखादी चुकीची नोंद मी जाणूनबुजून ठेवली असेल तर ती हीच.

हॉलमध्ये पडदा आई-पप्पांच्या खुर्च्यांसमोर होता, आणि खुर्च्या दोन्ही भरलेल्या होत्या. फोटो सुरू होण्याआधी पप्पांनी पिशवीतून कॅमेरा काढला, बनियनच्या फडक्यातून सेल काढून घातले. कॅमेऱ्यानं तारीख विचारली. मी शेजारीच उभी होते, टाकू शकले असते. पप्पांनी ओके केलं आणि कॅमेरा आईकडे वळवला.

"थांबा," ती म्हणाली. तिनं पदर नीट केला, चष्मा सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पप्पांनी फोटो काढला, कॅमेरा डोळ्यांजवळ धरून नीट बघितला आणि मान हलवली. "ओके."

"झालं ना ओके?" आई म्हणाली. "मग बसलात कशाला? काढा आता लॉट."