महिना चुकलेली फाइल

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. गळ्यात कायम मोजपट्टी लटकलेली, म्हणून गल्लीत तिला सगळे टेपबाई म्हणतात. कापड कापायच्या आधी ती गिऱ्हाइकाला समोर उभं करते आणि वहीतली मापं त्याला मोठ्यानं वाचून दाखवते. "छाती छत्तीस, बाही बावीस. बरोबर?" गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत कात्रीला हात लावत नाही. लोक वैतागतात, पण तिच्या हातचं कापड वाया गेलेलं मी बारा वर्षांत पाहिलेलं नाही.

अशा बाईला मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नववा महिना भरत आला, बाळाची वाढ चार आठवड्यांनी मागे आहे. येत्या मंगळवारी सिझेरियन करून काढून घेऊ."

मी शेजारीच बसले होते. टेपबाई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, नववा नाही. मला आठवा चालू आहे. वाढ मागे नाही, तुमची तारीख चुकलीय."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "फाइलमध्ये आहे ते बरोबर आहे."

"फाइलमध्ये काय आहे ते मला वाचून तरी दाखवा."

"बाई, बाहेर चाळीस पेशंट बसलेत."

"मी शाळेचा साधा शर्ट कापते ना, तर आधी माप वाचून दाखवते," ती म्हणाली. "इथे तुम्ही मला कापणार आहात."

त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. बस्स. आम्ही खोलीबाहेर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे काही साधंसुधं इस्पितळ नाही. चार मजली आहे, दारात काचा आहेत, आणि घरापासून दहा मिनिटांवर. तेरा वेळा ती तिथे गेली होती. तेरा वेळा वजन, तेरा वेळा रक्तदाब, आणि तेराही वेळा तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही. तरी सगळे तिथेच जातात, का तर सगळे तिथेच जातात.

घरी आल्यावर दुसरं महाभारत. भावोजी म्हणाले, "डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." सासूबाई म्हणाल्या, "आठव्या महिन्यात कुणी दवाखाना बदलतं का? तिथे आपली ओळख आहे." ओळख म्हणजे काय, तर तिथला लिफ्टवाला त्यांना नमस्कार करतो! मी बोलणारच होते, पण टेपबाईच बोलली, "आई, मूल पाच आठवडे आधी बाहेर आलं आणि त्याला श्वास घेता आला नाही, तर लिफ्टवाला येणार आहे का?" सासूबाई उठून आत गेल्या. भावोजी मात्र दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून आमच्याबरोबर निघाले.

पुलापलीकडचं प्रसूतिगृह लहानसं, सहा खाटांचं. तिथल्या सिस्टरनी आधी साफ नकार दिला. "इतक्या उशिरा, तेही कागदांशिवाय, आम्ही पेशंट घेत नाही." आतून डॉक्टरीणबाई आल्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी चपला. त्यांनी टेपबाईला झोपवलं आणि पट्टीनं पोट मोजलं. टेपबाईनं मान उचलून आकडा स्वतः वाचला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तेच खरं वाटतंय. पण वाटण्यावर मी तुम्हाला घेऊ शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली असेल, तो कागद आणा. त्यावरून दिवस पक्के कळतात."

तो कागद अर्थातच काचेच्या दारामागे.

खिडकीतला कारकून म्हणाला, "फाइल इस्पितळाची असते." मी म्हटलं, "आणि पोट कुणाचं असतं?" त्यानं खिडकी ओढून घेतली. मग मी आवाज चढवला. तीन तास चढवलेलाच ठेवला. बाकांवरच्या बायका आधी दचकल्या, मग माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. त्यातल्या एकीनं मला तिची पाण्याची बाटली दिली. शेवटी वरून कुणीतरी फोन केला आणि कागदांच्या झेरॉक्स आमच्या हातात आदळल्या.

पहिली सोनोग्राफी तिसऱ्याच पानावर होती. त्यातले दिवस टेपबाईच्या हिशोबाशी तंतोतंत जुळत होते. सहा महिने तो कागद फाइलीत पडून होता आणि कुणी उघडून पाहिला नव्हता. मी भावोजींना विजयी मुद्रेनं पान दाखवलं. मग मागे उलटून पहिलं पान काढलं.

नोंदणीच्या फॉर्मवर अक्षर माझं होतं.

त्या दिवशी टेपबाई उलट्यांनी हैराण होऊन बाथरूममध्ये होती. पाळीची तारीख मी दाराबाहेरून विचारली. ती "बारा" म्हणाली. महिना मी विचारलाच नाही, मनानंच लिहिला. तोही चुकीचा, पूर्ण एक महिना आधीचा.

माझं अक्षर ती ओळखते, तिची बिलं मीच लिहिते. तिनं पान पाहिलं. मला रडूच कोसळलं, तिथेच, सगळ्यांसमोर.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही एकदा लिहिलंत. त्यांनी मला तेरा वेळा पाहिलं. चला, पुलापलीकडची तपासणी पाचला बंद होते."

मंगळवारी मोठ्या इस्पितळातून फोन आला, तुमच्यासाठी ऑपरेशनची खोली अडवून ठेवलीय म्हणून ओरडण्यासाठी. टेपबाई काजं करत होती. "दुसऱ्या कुणाला द्या," म्हणाली, "पण तिला आधी तारीख विचारा."

बरोबर पाच आठवड्यांनी, दुपारी, पुलापलीकडच्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. सिझेरियन न होता. तीन किलोची, आणि रडली ती अशी की सासूबाई दाराबाहेर "हिचा आवाज मोठ्या काकूवर गेलाय" म्हणाल्या.

मला मात्र चैन पडेना. चूक माझी होती, ती कबूल करायला हवी असं वाटलं. आणि मोठ्या इस्पितळातल्यांनीही कागद उघडून पाहायला हवा होता, हेही तोंडावर सांगायचं होतं, म्हणजे पुढच्या बाईच्या वाट्याला हे येणार नाही. म्हणून आठवड्यानं मी त्या डॉक्टरांकडे गेले, बाहेर दोन तास बसले आणि फॉर्म मीच चुकीचा भरला होता, इथपासून सुरुवात केली.

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. "म्हणजे आमची काही चूक नव्हती," ते म्हणाले, "हे लेखी देऊन जा." कारकुनाला हाक मारून त्यांनी फाइलही मागवली.

बाळ कसं आहे, हे त्यांनी विचारलं नाही.