मंत्री पडायचा राहिला

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला मुलाच्या किचनमध्ये बसलो होतो. मी भेंडी पुसत होतो. बायको लायब्ररीतलं जाडं इंग्रजी पुस्तक वाचून मला मराठीत सांगत होती. कॅनडातल्या एका प्रांताच्या मंत्र्याचं चरित्र, शंभर वर्षांपूर्वीचं. वखारीत लाकडं ओढणारा माणूस मंत्री झाला. बायका मताचा हक्क मागायला गेल्या, तर तोंड वर करून म्हणाला, घरी जा, चूल सांभाळा.

"तुमच्यासारखाच चौथी पास," ती म्हणाली.

"पण मंत्री झाला ना?"

"तीच तर बोंब. आता निवडणूक आलीय. पडतो बघा मेला!"

ती शाळेत बाई होती, मी वर्कशॉपात. पुस्तक कुठलंही असो, ती पोथीसारखं वाचायची. अध्याय काढला की संपवल्याशिवाय उठायचं नाही. त्या दिवशी मात्र मतदानाच्या आदल्या दिवसावर आली आणि चष्मा काढला. "दमले हो. उद्या पाडते त्याला." पानात लोकरीचा धागा घातला आणि झोपायला गेली.

झोपेतच गेली.

सकाळी अँब्युलन्स आली, पोलीस आले. इथली रीतच म्हणे तशी. तिला घेऊन गेले. अंत्यविधीची तारीख नंतर कळवणार! माणूस गेलं तरी अपॉइंटमेंट. मुलगा फोनवर फोन करत होता. मध्येच त्यानं टेबलावरचं पुस्तक उचललं.

"बाबा, हे आज परत द्यायचंय. मी देऊन येतो."

माझं डोकं फिरलं. "खाली बस. अध्याय पुरा कर."

"आत्ता?"

"आत्ताच. एवढा डॉक्टर झालास, आई राहिली नाही. चार पानं तरी वाच."

बिचारा वाचून मराठीत सांगायला लागला. मध्येच अडखळत होता, तरी मी थांबू दिलं नाही. मंत्री निवडून आला. दणदणीत. हार घालून घेतले हरामखोरानं. बायका बाहेर उभ्याच.

अध्याय संपला.

"पुढं काय झालं ते नेटवर बघू का?" पोरानं विचारलं.

"घाल तुझं नेट चुलीत!"

मी पुस्तक पिशवीत टाकलं, बस पकडली आणि लायब्ररीच्या काउंटरवर आपटलं. तिथली बाई विचारायला लागली, वाचून झालं का. "नो," मी ओरडलोच. "मॅन नॉट फॉल." तिला काही कळलं नसेल. पण तिनं पुस्तकावर परतीची नवी तारीख मारून दिली. पुस्तक घेऊन मी घरी आलो.