पासबुकावरचं नाव

नाव मी इथं एकाचंही लिहिणार नाही. गेल्या वर्षी माझीच दोन नावं इतक्या फॉर्मांवर लिहिली की नावाचाच वीट आला. सासूबाईंना आत्या म्हणेन, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. नवऱ्याला 'हे'. आणि पोर्तुगालमधल्या त्या बाईंना त्या बाई. कुणाला हे पटत नसेल तर त्यानं आधी लोहाऱ्याच्या आधार केंद्रावर माझ्याऐवजी एकदा रांगेत उभं राहून यावं, मग बोलू.

मी चित्रं काढते. लग्नाआधी धाराशिवला चित्रकला शिकले, मग सास्तूरला नांदायला आले. नोकरी काही लागली नाही. ह्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांनी हप्त्यावर एक टॅबलेट आणून हातात दिला आणि म्हणाले, "काढ काय काढायचं ते. पर भित्तीला रंग लावू नको, आत्ताच चुना दिलाय." काढलेली चित्रं मी इंटरनेटवर टाकत गेले आणि एक दिवस त्या बाईंचा निरोप आला. त्या लहान मुलांसाठी चित्रांची कार्डं छापतात. त्यांना शेतातले वीस प्राणी हवे होते. माझं इंग्रजी बेताचं, पण मी मराठीत लिहायचं आणि फोननं भाषांतर करायचं, असं जमायचं. पहिला बैल पाठवला तर त्यांनी विचारलं, शिंगं एवढी लांब कशी? मी कळवलं, बाई, आमच्या खिलाराची अशीच असतात, खात्री करायची तर या. त्यांनी हसरी तोंडं पाठवली. बैल तसाच राहिला. तिथून आमचं जमलं.

वीस प्राणी झाले. त्यांनी पैसे पाठवले. आठ दिवसांनी ते त्यांच्याकडं परत गेले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत. दोन्ही वेळा मधल्या बँकांनी आपापला चिमटा काढून घेतला तो वेगळाच. मग मी पासबुक घेऊन शाखेत गेले. खिडकीत माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिनं खूप वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "ताई, पैसे आलेत एका बाईच्या नावानं. खातं आहे दुसऱ्याच बाईचं."

"अहो, दोन्ही मीच."

"पण तिन्ही शब्द वेगळे आहेत. निदान एक तरी जुळावा ना!"

कसा जुळणार? आमच्याकडं लग्नात नवरीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलतात. नवरा अंगठीनं ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितो, बायका ते मोठ्यानं वाचतात, पेढे वाटतात, झालं. माझं पॅनकार्ड कॉलेजातलं, माहेरच्या नावाचं. चित्रांच्या साइटवरही तेच, चित्राखालची सहीही तीच. आधार मात्र लग्नानंतर बदललेलं, सासरच्या नावाचं, आणि खातं त्या आधारवर उघडलेलं. गावातल्या निम्म्या बायका अशा दोन-दोन आहेत. त्यांचं अडत नाही, कारण त्यांना परदेशातून कुणी पैसे पाठवत नाही.

आता खरी अडचण सांगते. माझं सासरचं नाव कुणी हौसेनं शोधलेलं नव्हतं. ते माझ्या नणंदेचं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ती गेली तेव्हा चार वर्षांची होती, आणि हे तान्हे होते. आत्यांनी हे नाव पोटाशी धरून ठेवलं आणि सून आली तसं सुनेला देऊन टाकलं. मला कुणी काही सांगितलं नाही. ताटातलं नाव वाचताना मांडवातल्या म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या होत्या, तेव्हा मला वाटलं, नाव आवडलं नसेल. महिन्याभरानं शेजारणीनं सांगितलं, तेव्हा मला असा राग आला म्हणता! मेलेल्या पोरीचं नाव माझ्या अंगावर घालायचं आणि विचारायचंही नाही? चार दिवस मी आत्यांशी धड बोलले नाही. त्यांनीही कारण विचारलं नाही. पण त्या परसातून हाक मारायच्या ना, त्या हाकेत इतकी माया असायची की माझा राग टिकेना. नंतर नंतर मला ती हाक आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

हे सगळं त्या बाईंना समजावून सांगावं असं मला वाटलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. फोनवर मराठीत सरळ लिहिलं की खात्यावरचं नाव माझ्या नणंदेचं आहे, ती लहानपणीच भूकंपात वारली, तरी पैसे त्याच नावावर पाठवा, काळजी करू नका. फोननं भाषांतर केलं आणि मी पाठवूनही दिलं. आमच्या गावात हे वाक्य कुणालाही समजलं असतं. तिकडं मात्र त्यांनी वाचलं की ही बाई मेलेल्या माणसाच्या खात्यात पैसे मागते आहे.

आठ दिवस उत्तर नाही. मग चार ओळी आल्या. त्यांची बँक विचारणा करत होती. त्यांना पुढची वीस चित्रं माझ्याकडूनच हवी होती, जंगलातले प्राणी, पण महिनाअखेरीपर्यंत हा गोंधळ मिटला नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल. "मला वाईट वाटतं," असं शेवटी होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांना कुणीतरी काम दिलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं घालवत होते.

पुन्हा बँकेत गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पॅन बदलत बसलात तर लई लांबड लागेल, ताई. शाळेचा दाखला लावून आधारवर माहेरचं नाव करून घ्या. खात्यावरचं मी लगेच बदलते."

म्हणजे सासरचं नाव सगळ्या कागदांवरून जाणार. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, "तूच सांग आईला. माझी न्हाय छाती."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मीही सुपाशी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या बाई, परत गेलेले पैसे, मी केलेला घोळ, महिनाअखेर. आत्यांचा हात थांबला नाही. खडे बाजूला, तूर बाजूला. मग म्हणाल्या, "कागदावरनं काढलं की मग कुठंच न्हाय ऱ्हाणार व्हय ती?"

मी म्हटलं, "सरकारच्या यादीत असंल की, आत्या."

"यादीत हाय. पर मेलेल्यांच्या. तिचा शाळेचा दाखला न्हाय, रेशन कार्ड न्हाय, फोटू न्हाय. जित्या माणसाच्या कागदावर तिचं नाव तुझ्यामुळंच लागलं. तुझं आधार आलं तवा म्या दोन दिस उशाला घेऊन निजले हुते. तुला म्हाईत न्हाय त्ये."

मला खरंच माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "राहू द्या आत्या. नाही बदलत. चित्रांचं काम काय, मिळंल दुसरं."

मग मात्र आत्या चिडल्या. माझ्यावर इतक्या मोठ्यानं त्या त्याआधी कधी ओरडल्या नव्हत्या. "कुठनं मिळंल? तीन वरीस बघते न्हव का म्या, डोळे फोडून घेतीस त्या पाटीवर! माझी पोर चार वर्षांची गेली, तिला काय करून दावायचं जमलं न्हाय. तुला जमतंय तर तिच्या नावापायी अडवू व्हय तुला? ऊठ. दाखला काढ शाळंचा."

दाखला हातात आला तसं आम्ही दोघी लोहाऱ्याला गेलो. आत्यांचं तिथं काही काम नव्हतं, पण म्हणाल्या, म्या येणार. केंद्रावरच्या माणसानं स्क्रीन आमच्याकडं वळवली आणि जुनं नाव, नवं नाव बरोबर आहे का बघा म्हणाला. आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं, "तिचं कंचं?" मी दाखवलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून काच पुसली, त्या नावाकडं नीट बघून घेतलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "हां. कर आता."

कागद झाले. खातं झालं. त्या बाईंना मी या वेळी पाच वाक्यांचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी बँकेतल्या मुलीकडून वाचून घेतलं. महिना संपायला दोन दिवस असताना पैसे जमा झाले. त्या बाईंनी लिहिलं की त्या घाबरल्या होत्या, लाज वाटते, आणि जंगलातले प्राणी मलाच काढायचे आहेत. मी पेढे आणले. ह्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही वाटले. सगळं चांगलं झालं.

फक्त आत्या मला हाक मारेनाशा झाल्या. "अगं", "ऐकलं का", "च्या ठेव गं". माहेरच्या नावानं एकदा बोलवायला गेल्या, ते त्यांच्या जिभेला वळेना, अर्ध्यातच सोडून दिलं. शेजारीण आली की म्हणायच्या, "आमची सून". पैसे आल्यापासून तीन दिवस त्या घरात मला नावच नव्हतं. मी बघितलं, बघितलं आणि चौथ्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं. त्या परसात शेळीला पाला घालत होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "आत्या, मला हाक का मारत नाही तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. "कंच्या नावानं मारू? त्ये आता तुझं न्हाय. परत दिलंस तू."

"कागदावरचं दिलं. तुम्ही तोंडातलंही काढून घ्याल हे मला काय ठाऊक?" मी उंबरा ओलांडून पुढं गेले. "तेव्हा मला न विचारता घातलंत. आता मी मागते. द्या ते नाव मला."

त्यांनी हातातला पाला शेळीपुढं टाकला. मग, मी चार पावलांवर असताना, त्यांनी लांबच्या माणसाला मारावी तशी मोठ्यानं त्या नावानं हाक मारली.

मी ओ दिली.