टाकीच्या मोटारीचा डबा

सर्किट दोन रविवारांत झालं होतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की सर्किटच फार अवघड असेल. डोंबलाचं अवघड! टाकीत स्टीलच्या तारा सोडायच्या. पाणी वरच्या तारेला लागलं की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, पडतो आणि मोटार बंद. बोअरचं पाणी यायचं थांबलं तरी बंद. यवतमाळच्या माझ्या घरी, मागच्या अंगणात, प्लायवूडच्या तुकड्यावर सगळं पसरून मी ते बादलीवर दहा वेळा चालवून पाहिलं. दहाही वेळा बरोबर चाललं. त्यानंतर चार महिने मी ते सर्किट ठेवायचा डबा करत बसलो.

हे सगळं आईसाठी होतं. आई घाटंजीच्या घरात एकटी राहायची. संक्रांतीनंतर दोनदा ती मोटार चालू करून विसरली. पहिल्यांदा टाकी वाहून शेजारच्या काकूंच्या छतावर वाळत घातलेल्या मुगवड्या भिजल्या. दुसऱ्यांदा बोअर उपसला आणि मोटारच जळली, नवी घ्यावी लागली. नागपूरहून माझा मोठा भाऊ तावातावानं आला.

"बस झालं आता. आईले मी घेऊन जातो."

"मी नाई येत," आई म्हणाली. "तुया फ्लॅटात मी दिवसभर काय करू? लिफ्टचे बटनं मोजू? मले माह्या घरी राहू दे."

मी मधे पडलो. म्हटलं, दादा, मोटार आपोआप बंद झाली तर? मी करून देतो ना, मला हेच तर येतं.

"उन्हाळा लागायच्या आत कर," दादा म्हणाला. "उन्हाळ्यात बोअरचा काही भरोसा नसते. मंग मी कोनाचंच ऐकनार नाई."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचा खटला मीच जिंकून दिला.

मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. घरी फावल्या वेळात असल्या वस्तू करतो आणि आमच्यासारख्याच चार हौशी लोकांच्या ग्रुपवर त्यांचे फोटो टाकतो. त्या ग्रुपवर सर्किट कोणी पाहत नाही. डबा पाहतात. छिद्रं सरळ आहेत का, दिवे एका ओळीत आहेत का, अक्षरं नीट आहेत का. एकदा माझ्या एका डब्याला कोणीतरी 'कंपनीचा वाटतो' म्हटलं होतं आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला बोलू.

पहिला डबा प्लॅस्टिकचा. ड्रिल तापलं, प्लॅस्टिक वितळलं आणि गोल छिद्राचं अंडं झालं. कानस घेऊन सारखं करायला गेलो तर छिद्र एवढं वाढलं की दिवा आरपार आत पडला. दुसऱ्या डब्याला मी झाकणाच्या आतल्या बाजूनं खुणा केल्या, त्यामुळे बाहेरून सगळं उलटं. जे डावीकडे हवं ते उजवीकडे. इतकं मोजूनमापून केलं होतं की डबा अंगणात भिरकावून दिला आणि जाऊन परत उचलून आणला. तिसऱ्यात रिले झाकणाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढा निघाला. झाकण बसेना. एवढ्याशा उंचीसाठी मी पुन्हा बाजारात!

चौथा डबा जमला, तर लेबलांनी दगा दिला. कॉम्प्युटरवाल्याकडून छान स्टिकर छापून आणले, चिकटवले आणि परीक्षा म्हणून डबा छतावर ठेवला. आमच्याकडचं ऊन! तिसऱ्या दिवशी स्टिकरच्या कडा पापडासारख्या वर आल्या. वरून पारदर्शक टेप लावला तर त्यात फुगे.

दर आठवड्याला आईचा फोन यायचा. "झालं का रे?"

"झालं आई. फक्त डबा राह्यला."

"डब्याबिगर नाई चालत का थे?"

"नाई चालत. करंट लागंल."

करंट लागेल हे खरंच. पण त्या अंड्याच्या छिद्राच्या डब्यातही तो लागला नसता. हे तेव्हाही मला माहीत होतं.

मग मला स्टीलचा डबा सुचला. चौकोनी, जाड पत्र्याचा, आत अर्थिंगची तार. आणि लेबल? आपल्याकडे लग्नामुंजीच्या भांड्यांवर नावं कोरतातच की! स्टीलवरचं कोरीव अक्षर कुठलं ऊन उपटतं? छिद्रं पाडून, घासूनपुसून तो डबा मी घाटंजीच्या आठवडी बाजारात नेला. भांड्यांच्या दुकानांशेजारी एक म्हातारा विजेचा पेन घेऊन टर्र टर्र कोरत बसलेला. त्याला कागदावर चार लेबलं लिहून दिली: चालू, बंद, टाकी भरली, पाणी नाही. ज्याचं त्याच्या छिद्राखाली टाका, असं बोट ठेवून सांगितलं.

"रोजचंच काम हाये भाऊ. तुमी भाजी घेऊन या."

वांगी घेऊन परत आलो. डब्यावर एका सरळ, सुंदर ओळीत कोरलेलं होतं: 'चालू, बंद, टाकी भरली, पाणी नाही यांजकडून सप्रेम भेट.'

तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, हे काय केलं?"

"काहून? चौघायनं मिळून देल्ली ना वस्तू? म्हनून एका लायनीत घेतलं."

"अहो, हे माणसांची नावं वाटतात का तुम्हाला?"

"मी नावं वाचत नाई भाऊ," म्हातारा शांतपणे म्हणाला. "कागद पाह्यला का हात चालते. शेवटी सप्रेम भेट त राह्यतेच."

चाळीस वर्षं हाच हात भांड्यांवर चालला असेल. त्याला तरी काय बोलणार? घरी जाऊन डबा आईसमोर आदळला. तिनं चष्मा लावून वाचलं आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"लाव ना बाप्पा, हाच लाव. कोनतं बटन कायचं थे मी ध्यानात ठेवतो."

"हा नाई लावत. लोक हसतील."

"कोन लोक? इथं मीच त राह्यतो."

इथेच माझी अक्कल गहाण पडली. स्क्रूड्रायव्हर पिशवीत होता, सर्किट पिशवीत होतं, भिंत समोर होती. आणि मी तो डबा काखेत मारून यवतमाळची बस धरली.

नवा डबा घेतला. पुन्हा छिद्रं, पुन्हा कानस. यवतमाळातल्या एका कोरणाऱ्यासमोर ठाण मांडून बसलो, एकेक शब्द डोळ्यांदेखत कोरून घेतला. या वेळी सगळं जागच्या जागी आलं. रविवारी नेऊन लावणार होतो. शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला.

त्यांच्या छतावर पुन्हा टाकीचं पाणी आलं होतं. भांडायच्याच तयारीनं त्या वर चढल्या, तर आई टाकीजवळ स्टुलावरून खाली पडलेली. डोक्याचा भरवसा नाही म्हणून ती रोज मोटार चालू केली की वर जाऊन टाकीपाशी बसायची. टाकी भरेस्तोवर, वैशाखाच्या उन्हात! व्होल्टेज कमी असलं की दीड-दीड तास. याबद्दल ती मला फोनवर एका शब्दानं बोलली नव्हती. त्या दिवशी भोवळ आली.

सलाइन लागलं, दोन्ही रात्री मी दवाखान्यात तिच्याजवळ होतो, दोन दिवसांत ती उठून बसली. रविवारी मी यवतमाळहून डबा घेऊन घरी पोचलो तेव्हा दादाची गाडी दारात होती आणि आईची बॅग भरलेली. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो फिरवून पाहिला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"सुरेख झाला रे."

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! मी म्हटलं, "आई, आत्ता लावून देतो. आत्ताच्या आत्ता. तू नको जाऊ." दादाकडे पाहिलं. तो भांडेल असं वाटलं होतं, पण त्यानं आईकडे बोट केलं.

"राहू दे आता," आई म्हणाली. "मलेच भेव वाटते या घरात."

गाडी गेली. मी एकटाच आत आलो आणि डबा भिंतीवर लावला. अर्ध्या तासात लागला. मोटार चालू केली, ओसरीत बसून राहिलो. टाकी भरली, रिले कट्ट वाजला, मोटार आपोआप बंद झाली. सगळं पाहिजे तसं चाललं. खाली पाणी वापरायला घरात कोणी नव्हतं.