सोमणकाकांचा कॉम्प्युटर

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते खरं सांगायचं तर चुका काढायला. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या स्कूटरमागे अचानक वजन वाढतं... मी चहा पिता पिता वाचतो आणि हसतो. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. "आपोआप बंद पडतो हो" म्हणत आलेल्या प्रत्येक मशीनमागे शेवटी धूळ, उष्णता किंवा घरातला एखादा हौशी इंजिनिअर निघतो, भूत आजवर निघालेलं नाही. त्यामुळे हे मी लिहितोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

माझं दुकान सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या तळमजल्यावर. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीचं टेबल, मधे गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. गेल्या उन्हाळ्यात वारज्याहून सोमणकाकू रिक्षाने एक डेस्कटॉप घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील. कॅबिनेट रिक्षावाल्याने उचललं, पण दोन छोटे स्पीकर त्यांनी स्वतःच्या पिशवीतून, टॉवेलात गुंडाळून आणले होते.

"गरम होऊन बंद पडला. आता चालूच होत नाही."

"कुठे ठेवला होता?"

"ह्यांच्या फोटोशेजारी."

काका नुकतेच गेले होते. दिवसकार्य होईपर्यंत फोटोपुढची समई विझू द्यायची नाही, म्हणून खोलीतला पंखा बंद आणि खिडक्याही लावलेल्या. कॉम्प्युटर मात्र दिवसरात्र चालू. वर समईची काजळी नको, म्हणून काकूंनी कॅबिनेटवर काकांची शाल पांघरली होती.

"शाल? अहो काकू, त्याला थंडी वाजत नाही."

त्या हसल्या नाहीत.

"बंद करायचा ना रात्री तरी," मी जरा नरमाईने म्हणालो.

"बंद केला आणि परत लावता आला नाही तर? मला त्यातलं काही कळत नाही. आणि ह्यांचा आवाज त्यातच आहे."

मग त्यांनी सांगितलं. काकांना घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. म्हणून ऑपरेशनच्या आधी भाच्याने काकांना कॉम्प्युटरसमोर बसवून रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतली. स्क्रीनवर चौकोन केले. काका चौकोनावर क्लिक करायचे आणि स्पीकरमधून आवाज यायचा — "अगं, चहा टाक." "अगं, माझा चष्मा कुठाय?" पुढची सगळी वर्षं काका त्या घरात असेच बोलले. मोबाईलवर घेऊन ठेवू, असं भाचा म्हणाला होता, पण ते राहून गेलं. दुसरी कॉपी नाही. म्हणजे त्या माणसाचा आवाज जगात एका हार्ड डिस्कवर होता आणि ती डिस्क माझ्या टेबलावर होती.

"बघतो," मी म्हणालो. काकू स्टुलावर बसल्या.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा जाड थर. प्रोसेसरचा पंखा जाम, त्याखालची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. पॉवर सप्लायला तर जळका वासच येत होता. नवा सप्लाय लावून पाहिला — बीपसुद्धा नाही. म्हटलं, बोर्ड जाऊ दे, तो बदलता येतो. डिस्क वाचली की झालं. डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. दिसेना. केबल बदलली, पोर्ट बदललं. कानाला लावली तर आतली चकती फिरतच नव्हती. उलटी केली तर खालच्या सर्किटवर करपल्याचा डाग.

माझं प्रत्येक "नाही" काकू नुसत्या बघत होत्या. शेवटी मी डिस्क सगळ्या वायरींतून सोडवून टेबलावर ठेवली.

"सकाळपासून तुमचा चहा नाही झाला," त्या उठत म्हणाल्या. "समोर सांगून येते." मी नको म्हणेपर्यंत त्या पायरी उतरल्यासुद्धा.

दुपारची वेळ. शटर अर्धं खाली, आजूबाजूची दुकानं बंद. मी सप्लाय सोडवत होतो. आणि टेबलावरून एक पुरुषाचा आवाज आला. अगदी स्पष्ट, जरा घोगरा.

"कुमुद, झालं का तुझं?"

घरातून निघताना चपला घालून दारात उभा राहिलेला माणूस विचारतो ना, तसं. मी "कोण?" म्हणून उभाच राहिलो. आवाज आला होता त्या बाजूला फक्त काकूंचे स्पीकर. त्यांच्या वायरी त्यांच्याभोवतीच गुंडाळलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत. माझ्या मशीनला स्पीकरच नाही. मोबाईल काउंटरवर, सायलेंट. रस्त्यावर बघून आलो, तिथेही कुणी नाही. नंतर दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेजही पाहिलं. त्यात आवाज येत नाही. मी दचकून उठलेला तेवढा दिसतो.

काकू चहा घेऊन आल्या. सांगावं की नाही कळेना, पण माझं तोंड बघूनच त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काकू... कुमुद कोण?"

त्यांनी ग्लास काउंटरवर ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

ऐकलेलं सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्यात कुमुद नाही हो. आमच्या पिढीत बायकोला नावाने कोण हाक मारतं चारचौघांत? समोर भाचा बसलेला. सगळ्या वाक्यांत 'अगं' आहे. ऑपरेशन झाल्यावर लक्षात आलं, की ह्यांना आता माझं नाव कधीच घेता येणार नाही. ह्यांच्याही आलं. चौकोन शोधायचे आणि मग माझ्याकडे बघत बसायचे."

मी स्पीकर त्यांच्यापुढे सरकवले.

"परत लागेल का? एकदा?"

मी त्यांच्यासमोर स्पीकर जोडले, सोडले, डिस्क पुन्हा लावली. संध्याकाळपर्यंत काही नाही. पुढे डेटा रिकव्हरीवाल्यांकडेही डिस्क पाठवली. त्यांनी आतल्या चकत्याच खराब झाल्याचं सांगून परत केली. त्या दुपारी ऐकलं तो भास म्हणावा, तर मला न माहीत असलेल्या नावाचा भास कसा होईल? आणि आवाज यायचाच होता, तर ज्या बाई त्यासाठी तासन्‌तास बसल्या होत्या त्यांना सोडून माझ्या कानावर का आला? फार राग येतो मला याचा.

त्या संध्याकाळी निघताना काकूंनी विचारलं, "कसं म्हणाले? घाईने?"

"नाही. सहज."

"म्हणून दाखवता?"

दाखवलं. त्यांनी मान हलवली. "कुमुद असं लांबवून म्हणायचे थोडं." मी लांबवून म्हटलं. पुन्हा म्हणा म्हणाल्या, पुन्हा म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की मला काकांचा आवाज आता आठवत नाहीये. तेव्हापासून कितीही प्रयत्न केला तरी ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येतं.

हे काकूंना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. त्या अधूनमधून वारज्याहून येतात, स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "एकदा म्हणा हो."

मी म्हणतो.