चाळिसावा तास

थोरलीनं सतरा वर्षं समुपदेशन केलं. दवाखान्याच्या माडीवर एक खोली, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि दारावर स्क्रूनं घट्ट बसवलेली नावाची पाटी. धाकटी जाऊ या धंद्यात मागाहून आली आणि समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेत नाव नोंदवून मोकळीही झाली. तिचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत, नेमकं थोरलीच्या खुर्चीसमोर. चहा पिताना डोळा वर गेला, की थोरलीचा जळफळाट व्हायचा.

आता संघटनेनं फर्मान काढलं होतं. ज्याची नोंद नाही त्यानं पाटी उतरवायची, नि नोंद हवी तर जाणत्या समुपदेशकापुढं बसून आपल्या कामाचा पाढा वाचायचा. चाळीस तास, वर्षअखेरीच्या आत. थोरली त्यासाठी अशाच एका जाणत्या बाईंकडं जाई; त्यांना ती मास्तरीणबाई म्हणे. एकोणचाळीस तास झाले. चाळिसावा आला तो शेवटच्या दिवशी, आणि डोक्यात जावेवाचून दुसरं काही शिरेना.

"एक बाई येते माझ्याकडं," थोरलीनं सुरुवात केली. "जावेवर जळते. जावेनं नवे पडदे लावले तर हिला झोप नाही. जाऊ फोनवर हसली, तरी वाटतं आपल्यालाच हसली."

"कधी येते?"

"रोजच."

मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर माणसाला आठवड्यातून एकदाच बोलावता. फाइल नंबर काय तिचा?"

थोरलीच्या जिभेवर एक आकडा आला होता. तिनं तो गिळला. "नंबर नाही. मीच ती."

"पडद्यांपाशीच कळलं मला."

"मग थांबवलं का नाही?"

"फार मनापासून सांगत होतात." बाईंनी कागद मिटला. "पण हा तास कामाचा नव्हे, धरता येणार नाही. आणि हे दुखणं दुसऱ्या कुणाकडं न्या. तासांवर सही करणारी नि दुखणं ऐकून घेणारी एकच नको, नियम आहे."

"एका तासापायी वर्ष जाईल माझं."

"जाईल," बाई म्हणाल्या.

घरी धाकटी चहा गाळत होती. "झाले का ताई चाळीस?"

'झाले' म्हणायला थोरलीनं तोंड उघडलं होतं. "एकोणचाळीस," ती म्हणाली. "पाटी काढावी लागणार."

धाकटीनं गाळणी बाजूला ठेवली. "माझे पहिल्या खेपेला सात कमी पडले होते. वर्ष फुकट गेलं. तुमच्यापुढं बोलायची लाज वाटली."

सात! थोरलीला आतून गार गार वाटलं. पण ते कपभर चहाइतकंही टिकलं नाही. सात कमी पडले नि ही वर्षभर हसत वावरली, आणि सतरा वर्षं माणसं वाचणाऱ्या आपल्याला पत्ता नाही. म्हणजे लपवणंसुद्धा हिला आपल्यापेक्षा बरं जमतं.

"स्क्रूड्रायव्हर कुठाय?" तिनं विचारलं.

"आणते. पाटी उंचावर आहे, मी येते खुर्ची धरायला."

"ये," थोरली म्हणाली. "पण दोन्ही हातांनी धर."