भर दुपारी आणलेली कोंबडी

त्या मे महिन्यात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवण सोडलं. उपोषण वगैरे नव्हतं. तसला जाहीर प्रकार त्यांना जमला नसता. ताट समोर आलं की दोन घास चिवडायचे आणि म्हणायचे, "चव न्हाय." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि रिपोर्ट उत्तम असल्याचं इतक्या अभिमानानं सांगितलं, की जणू त्यांच्या मुलाचाच निकाल लागला होता. भावकीतले एक पुढारी दोन गाड्या आणि एक फोटोग्राफर घेऊन चौकशीला आले. शाल घातली, पिवळ्या कागदात बांधलेली फळांची टोपली ठेवली, फोटो झाला. आप्पांनी शालीकडं बघून मला विचारलं, "कोण गेलं?"

त्यांचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकायला लागलं होतं. असंच चाललं तर हे पावसाळा बघत नाहीत, हे डॉक्टरांनी नव्हे, माझ्या बायकोनं सांगितलं.

मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "भट्टीची कोंबडी असती तर खाल्ली असती."

ही कोंबडी आमच्या घरात त्यांनीच आणलेली. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली असताना ते करमाडहून बैलगाडीत भाजी घालून औरंगाबादच्या छावणीत विकायला जात. तिथल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी अख्खी कोंबडी भाज्यांच्या गादीवर भाजताना आणि वरून पुदिन्याचा आंबट सिरका ओतताना पाहिली. घरी येऊन त्यांनी धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, ते शिकवलं. सिरका मिळेना म्हणून कैरी आली, आणि ती पुढं कायमची राहिली.

आत्या अजून करमाडच्या शेतातच राहत होती. तिला फोन करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या पुंडलिकनगरहून सकाळीच स्कूटर काढली. पोचलो तेव्हा कापसाच्या पऱ्हाट्यांचा विस्तव पडला होता आणि अंडं न घातलेली एक तलंग दही-आलं-लसणात रात्रभर मुरून तयार होती. मडक्याच्या तळाशी आत्यानं अख्खे कांदे रचले, त्यावर काटेरी वांगी, दोडक्याच्या फोडी, भेंड्या. त्यावर कोंबडी ठेवली, झाकण कणकेनं लिंपलं, मडकं विस्तवात बसवलं. ते भाजेपर्यंत तिनं पाट्यावर कैरी, पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि गुळाचा खडा वाटला, करडईच्या तेलात कालवलं आणि बरणीत भरलं. ते ताटातच ओतायचं, आधी नाही, असं तिनं मला दोनदा बजावलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, तेव्हा माणसं एकच गोष्ट दोनदा का सांगतात हे मला माहीत होतं.

निघेपर्यंत बारा वाजत आले. आत्यानं डबा फडक्यात बांधला आणि गाठीत एक कोळसा आणि एक लाल मिरची खोवली.

"भर बाराला कोंबडी घेऊन निघालास. ऊन उतरू दे."

"आप्पा उपाशी आहेत, आत्या."

"मंग ह्ये असू दे. काढू नको."

आमच्याकडं सगळेच हे करतात. मटण घेऊन वाटेला लागायचं तर सोबत कोळसा हवा, नाहीतर वासामागं कोणीतरी येतं. शाल घालणारे पुढारीही हे करत असणार, फक्त फोटो न काढता. माझी अडचण साधी होती: त्या गाठीमुळं डबा पायाशी कलंडत होता. रस्त्याला लागल्यावर मी गाडी थांबवली, कोळसा-मिरची बाभळीत टाकली आणि फडकं नीट बांधलं. अंधश्रद्धेवर माझ्याकडं एक तयार भाषण होतं, पण ऐकायला कोणीच नव्हतं.

खरंच कोणी नव्हतं. जालना रोडवर एरवी ट्रकांची रांग असते. त्या दुपारी रस्ता पांढरा पडला होता. एक बैल रस्त्याकडं पाठ करून उभा होता आणि त्याची शेपटीसुद्धा हलत नव्हती. थोडं पुढं गेल्यावर स्कूटर जड वाटायला लागली. चढ नव्हता. मागचं चाक दबल्यासारखं वाटत होतं, म्हणून शेंद्र्याच्या अलीकडं पंक्चरच्या टपरीशी थांबलो. टायरांच्या सावलीत एक म्हातारा बसला होता.

"हवा बघा जरा."

"हवा हाय," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "दोघं बसलात म्हून दबलंय. त्यांना उतरू द्या, मंग बघतो."

"मी एकटाच आहे."

त्यानं डोळ्यांवर हात धरून माझ्या मागं पाहिलं, बराच वेळ.

"ऊन लई हाय," असं म्हणून तो पंप घ्यायला उठला. हवेचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मीही आग्रह केला नाही; मला निघायचं होतं.

घरी आलो तेव्हा आप्पा हॉलमध्ये चटईवर बसले होते. ते माझ्याकडं नाही, माझ्या मागं दाराकडं बघत होते.

"यांना आत घे की. उन्हात उभं केलंस."

बायकोनं दारातून डोकावून पाहिलं. बाहेर स्कूटर होती.

"कोणाला, मामंजी?"

"या, बसा," आप्पा दाराकडं बघून म्हणाले आणि चटईवर शेजारची जागा हातानं झाडली. "सूनबाई, दोन ताटं घ्या. पाहुण्याला आधी."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं दोन ताटं वाढली, वर बरणीतलं आंबट ओतलं. दुसरं ताट रिकाम्या जागेसमोर ठेवल्यावरच आप्पांनी हात घातला. त्यांनी तंगडी खाल्ली, करपलेला कांदा खाल्ला, वांगं खाल्लं, भाकरीच्या तुकड्यानं ताटातली कैरी पुसून घेतली. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"दादा जेवला का?"

"जेवले. दोन ताटं मांडायला लावली."



"कोळसा काढलास व्हय?"

"काढला."

"जेवतोय न्हवं? मंग रोज दोन मांडा. पर त्या पाव्हण्याला नाव इचारू नका."

आम्ही मांडत गेलो. आप्पा जेवत गेले. घड्याळ पुन्हा मनगटाकडं आलं. मी एकदा त्यांनाच विचारलं, हा कोण आहे. ते म्हणाले, "तू आणलास, तुला ठावं."

दुसरं ताट नंतर मी स्वयंपाकघरात बसून संपवत असे. त्यातलं काही कमी झालेलं नसे, याची मी आधी खात्री करून घेई. पण त्या ताटातल्या अन्नाला चव नसायची. आंबट नाही, तिखट नाही, मीठसुद्धा नाही. थंड झालेलं अन्न बेचव लागतं, असं मी म्हणालो. आपल्या घरात मे महिन्यात काहीही थंड होत नाही, हे बायकोनं लक्षात आणून दिलं.

पुढं एका रविवारी तिनं घरीच कोंबडी केली. गॅसवरच्या भट्टीत कांदे, गवार आणि टोमॅटोवर भाजली आणि कैरी-पुदिना वाटला. वास आत्याच्या मडक्यासारखाच आला. ताटं मांडली. आप्पांनी हात घातला नाही.

"काय झालं, आप्पा?"

"तो जेवत न्हाय. रोज बघतो मी. नुसता बसतो. पाहुणा उपाशी अन् मी कसा गिळू?"

बायकोनं समजावलं, मी समजावलं. त्यांनी ताट सरकवून दिलं. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी दूधसुद्धा नाही. डोळे पुन्हा आत गेले. बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी करा. तुम्हीच आणलंय." ती हे चिडून म्हणाली नाही, त्यामुळं ते जास्त लागलं.

त्या दुपारी तिनं राहिलेली कोंबडी गरम केली आणि ताजं आंबट वाटून दोन ताटं मांडली. मी ठरवलं, पाहुणा जेवत नसेल तर त्याच्या जागी बसून मी जेवायचं. आप्पांसमोर ताट रिकामं झालं म्हणजे झालं. मी दुसऱ्या ताटासमोर मांडी घालून बसलो.

आप्पा म्हणाले, "थोडा सरक. त्याच्या मांडीवर बसलास."

ते रागावले नव्हते. बसमध्ये सांगतात तसं सांगितलं.

मी सरकलो. सोडलेल्या जागेवर हात टेकला तर चटई गरम लागली. तिथं मीच बसलो होतो, गरम लागणारच. मी ताट माझ्या आणि त्या जागेच्या मध्ये ओढलं, कोंबडीचा तुकडा तोडला, कैरीत बुडवला आणि खाल्ला. त्या दिवशी त्याला चव होती. आप्पा माझ्या हाताकडं बघत होते, मग माझ्या शेजारी बघायला लागले, आणि हळूहळू त्यांनी स्वतःचं ताट पुढं ओढून भाकरी मोडली.

"कैरी लई आंबट झाली का?" दोन घासांनंतर त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी उत्तर देणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्या शेजारच्या जागेकडं बघत समाधानानं मान हलवली आणि पुढचा घास घेतला.